खिशातली एक मात्रा

क्षिप्रेला स्वतःची खोली ठाऊक नसेल, पण आमच्या समोरच्या सुभेदारांना ती रोज सकाळी साडेसहाला ठाऊक असे आणि साडेसातपर्यंत ते ती साऱ्या माधवनगरला कळवीत. हातात खाचा पाडलेला बांबू, पायांत पलटणीचे बूट, कानांवरून मफलर, अशा थाटात ते रामघाटावर जात, ठरलेल्या पायरीवरून बांबू पाण्यात सोडीत आणि परत येताना जो भेटेल त्याला न विचारता सांगत, आज मांडीपर्यंत, आज कमरेला दोन बोटं कमी. माप नेहमी माणसाच्या अंगावरचं. फूट आणि इंच यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "फुटाला नाक नसतं, बाई," असं ते मला एकदा म्हणाले होते, "पाणी नाकाशी आलं की काय ते कळतं." नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत की नदीला कमरेइतकं आहे तर आमच्या नळालाच करंगळीइतकं का, तेही मोजा की. त्यावर सुभेदार थांबून, गंभीरपणे नळाकडे पाहून, "याला धोका नाही," असा निकाल देत आणि पुढे जात. पावसाळ्यात बांबू पुरेनासा झाला की ते कोणाशीच बोलत नसत. त्या दिवशी सुभेदारीणबाई आमच्याकडे येऊन हळूच सांगायच्या, "आज माप नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी कळायचं नाही त्यांना."

ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतून ते बर्मात लढून आले होते. संस्थान मध्यभारतात गेलं, फौज मोठ्या फौजेत गेली आणि सुभेदार आमच्या समोरच्या दोन खोल्यांत आले. आमचे हे रेल्वेत, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. घरात सासूबाई, नणंद आणि दोन मुलं. अशा घराला समोर एक रिटायर्ड फौजी असणं सोयीचंच असतं. पत्र्यावर चढायला, भांडण मिटवायला, लग्नात वाढप्यांवर नजर ठेवायला. सुभेदार या तिन्ही कामांना तयार असत. मात्र प्रत्येक कामाआधी त्यांचा एक प्रश्न असे: "पोहता येतं?" पत्रा ठोकायला आलेल्या माणसाला, नव्या पोस्टमनला, आचाऱ्याला, आमच्याकडे पाहुणे आलेल्या दम्याच्या मामांना, सगळ्यांना हाच प्रश्न. येतं म्हटलं की चेहरा खुले. नाही म्हटलं की ते त्या माणसाकडे असे पाहत, जणू त्यानं घराला आग लागल्याचं सांगितलं आणि वर चहाही मागितला.

माझ्या नणंदेला पाहायला इंदूरहून मुलगा आला होता. बी.ए., बँकेत नोकरी, आवाज मऊ. आम्ही विचारायच्या गोष्टींची यादी मी करून ठेवली होती: शिक्षण, गोत्र, घरात माणसं किती, स्वभाव तापट आहे का. सुभेदार बैठकीत शेजारी म्हणून बसले होते. पोहे आले, आणि त्यांनी मुलाला विचारलं, पोहता येतं का. मुलगा म्हणाला, बँकेत तशी गरज पडत नाही. सुभेदारांनी बशी खाली ठेवली. लग्न ठरलं, पण मुहूर्ताच्या आधी सात दिवस जावईबापूंना उज्जैनला मुक्काम करावा लागला आणि रोज सकाळी घाटावर सुभेदारांच्या तळहातावर पोट ठेवून हातपाय मारावे लागले. हळदीच्या दिवशी नवरामुलगा सर्दीनं शिंकत होता, पण तरंगत होता. आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंकडेही सुभेदार असाच अर्ज घेऊन गेले होते, की शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवा. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, मुलींना विणकाम शिकवतो आम्ही. "लोकरीवर तरंगता येत नाही," असं म्हणून सुभेदार उठून आले. चहा तसाच ठेवून.

आम्ही या सगळ्याला हसत होतो. ते एक वेड आहे, फौजेतून आलेल्या प्रत्येकाला एकेक असतं, अशी माझी समजूत होती, आणि ती मी बरीच वर्षं सोयीची म्हणून जवळ बाळगली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गुरुवारचं भजन. पलटणीतल्या त्यांच्या तुकडीत एकोणीस जण होते, त्यांतले अकरा खुद्द सुभेदार धरून उज्जैनच्या आसपास होते. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ते रामघाटावर जमत, नदीकडे तोंड करून एका रांगेत उभे राहत आणि गात. लोकांकडे पाठ. त्यामुळे अर्ध्या उज्जैनला या मंडळींचे चेहरे कधी कळलेच नाहीत. अकरा पाठी मात्र सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. भजन कोणा संताचं नव्हतं. त्यांनीच तिकडे जंगलात रचलेलं होतं, आणि त्याची रीत अशी की धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "ने रे घरी, महाराजा, ने रे घरी," आणि मधली एकेक ओळ एकेकाची. ज्याची ओळ त्यानंच रचायची, त्यातून आपल्या गावच्या देवाला हाक मारायची, आणि त्यानंच म्हणायची. कुणाचा खंडोबा, कुणाची माळावरची देवी, ढोलक वाजवणाऱ्या खाँसाहेबांच्या ओळीत त्यांच्या गावच्या पिराचा दिवा. शेवटची, एकोणिसावी ओळ सुभेदारांची: "सगळे आले का रे? मोजून घे, महाराजा." हिला ओळ कशी म्हणावी, असं मी एकदा विचारलं होतं. देवाला कामाला लावलंय तुम्ही. ते म्हणाले, मग कुणाला लावू?

जे तिकडून परत आले नाहीत त्यांच्या ओळी कुणी म्हणायच्या नाहीत. त्या सात ओळींच्या जागी नुसतं ढोलक चाले, सगळे गप्प उभे राहत, ओळ संपेल इतका वेळ गेला की पुन्हा धृपद. नवख्या माणसाला वाटे, म्हातारे विसरले. एकदा घाटावरच्या एका गुरुजींना दया आली आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी खड्या आवाजात स्वतःच्या पदरचं एक कडवं घातलं. सुभेदारांनी हात वर करून भजन थांबवलं, वळले आणि गरजले, "गुरुजी, ही जागा रिकामी नाही. माणूस उभा आहे इथं." गुरुजी त्यानंतर गुरुवारी पाच वाजता घाटाच्या दुसऱ्या टोकाला संकल्प सांगत.

मी या मंडळात शिरले ती वहीमुळे. एका गुरुवारी मी सासूबाईंना घेऊन घाटावर गेले होते. पाहिलं तर सुभेदार कोण आलं आणि कोण नाही हे बोटांवर मोजत होते आणि बोटं कमी पडत होती. मला असल्या गोष्टी बघवत नाहीत. पुढच्या गुरुवारी मी रेघा मारलेली वही घेऊन गेले: एकोणीस नावं उभी, गुरुवार आडवे, हजर, गैरहजर, आणि परत न आलेल्या सातांपुढे कायमची एक रेघ. सुभेदारांनी वही वरपासून खालपर्यंत तपासली, बाराव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथं हजर लिहा.

बारावं नाव सदाचं होतं. उज्जैनचाच, जुन्या गावात गोपाळमंदिराच्या मागच्या गल्लीतला, आईचा एकुलता एक. तो परत आला नव्हता, पण गेल्याचंही कुणी सांगितलं नव्हतं. नदीवर चुकामूक झाली आणि हरवला, एवढंच सुभेदारांनी त्याच्या आईला येऊन सांगितलं होतं. त्यामुळे त्याची ओळ रिकामी सोडायची नाही, मालक येईपर्यंत सुभेदारांनी सांभाळायची, असा नियम होता. सगळ्यांनी देवाला हाक मारली, तिथे सदा म्हणाला होता म्हणे, की माझ्या ओळखीचा देव नाही, मी आईलाच घालतो. त्याची ओळ होती: "क्षिप्रेच्या काठी माझी आई बसली." मी म्हणाले, सुभेदारसाहेब, हरवलेल्या माणसाला हजर कसं लिहू, तिसरा रकाना पाडते. ते म्हणाले, "आवाज आला की माणूस हजर. हा आमचा कायदा आहे. रकाने तुम्ही शाळेत पाडा." मी हजर लिहिलं. एकदा लिहिलेलं मी खोडत नाही, म्हणून दर गुरुवारी लिहीत गेले.

आता हे सांगितलं पाहिजे की सुभेदारांचा गळा उत्तम होता. भरलेला, स्थिर, लांब जाणारा. पण सदाची ओळ आली की तोच गळा बिघडे. "आई"वर आवाज नको तितका वर चढे, फाटे, आणि "बसली"च्या आधी ते चक्क अडकत. सगळा ताल पुढे निघून जाई, सुभेदार तिथेच उभे, आणि मग एक मात्रा उशिरा "बसली" येई. विचारलं तर म्हणत, सदा बेसूर होता, त्याची ओळ त्याच्याच गळ्यानं म्हणायला हवी. चढणारा सूर यानं समजत होता, पण उशीर कशाचा ते समजत नव्हतं. फ्रीगंजमधले एक संगीतशिक्षक एकदा मुद्दाम ऐकायला आले आणि फार नम्रपणे म्हणाले, बाराव्या ओळीत ताल तुटतो, परवानगी असेल तर बसवून देतो. सुभेदार तितक्याच नम्रपणे म्हणाले, "मास्तर, ओळ माझी नाही. मालक आला की त्याला सांगा." ताल खरं म्हणजे तुटत नव्हता, कारण खाँसाहेब तो तुटू देत नव्हते. दाढी मेंदीनं रंगवलेले, अबोल गृहस्थ, आमच्याच बाजूला सायकली दुरुस्त करीत. मी त्यांना या उशिराबद्दल विचारलं तेव्हा ते ढोलकाच्या दोऱ्या आवळत म्हणाले, "सूबेदार साब के लिए एक मात्रा फालतू रखता हूँ, बहनजी. जेब में. वहाँ निकाल के दे देता हूँ."

सदाची आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, दर गुरुवारी येत. रांगेच्या मागे, तिसऱ्या पायरीवर, काठालाच बसत. ओळीत तसं म्हटलंच होतं आणि ओळ खोटी पडू नये याची त्या काळजी घेत. ठेंगण्या, काटक, नऊवारी करकरीत नेसलेल्या, बोलायला खणखणीत. सदा जिवंत आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती आणि त्याला त्यांच्याकडे पुरावा होता. त्याच्या पत्रिकेत पाण्याचा घात सांगितला होता, म्हणून त्यांनी जन्मात त्याला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. क्षिप्रेकाठी वाढला, पण आंघोळ लोट्यानं. "नदीवर चुकामूक झाली म्हणतात ना सुभेदार," त्या मला समजावून सांगायच्या, "मग पक्कं आहे. बाकीचे उतरले, हा उतरला नसेल. त्याच काठावर राहिला. तिकडची बायको केली असेल मेल्यानं, आता मला तोंड दाखवायची लाज वाटून राहिली. येईल. पोरं मोठी झाली की घेऊन येईल, आजीकडे ठेवायला." आणि मग भजन सुरू होई. ओळ आली की काकू मान हलवत, बेसूर ठिकाणी जरा जास्त हलवत, आणि "बसली" येईपर्यंत श्वास धरून बसत. भजन संपलं की सुभेदार कधी मागे वळून काकूंशी बोलत नसत. नमस्कार करीत तोही नदीकडे तोंड करून. मला तो शिष्टपणा वाटे.

अशी दहा वर्षं गेली. मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश आला, भोपाळ राजधानी झाली. त्यानंतर दोन हिवाळे उलटले तरी सगळ्या कचेऱ्यांची कागदपत्रं ट्रंका भरभरून इकडून तिकडे चालली होती, आणि अशाच एका कचेरीतून सुभेदारांना पत्र आलं, की आपल्या भागातल्या माजी सैनिकांची यादी पाठवावी. यादी म्हटल्यावर ते पत्र माझ्याकडे आलं. मी एकोणीस नावांची स्वच्छ यादी केली, शाई एकाच दौतीतली, आणि पुरावा हवाच म्हणून सोबत दहा वर्षांच्या गुरुवारच्या हजेरीची नक्कल जोडली. कुणी मागितली नव्हती. त्या नकलेचा मला फार अभिमान वाटला होता, हे आता लिहायला जड जातं.

दीड महिन्यानं एका सकाळी आमच्या दाराशी टांगा थांबला. काकू कधी टांगा करीत नसत. त्या उतरल्या त्या नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर, हातात कचेरीचा लांब लिफाफा. पोस्टमननं वाचून दाखवलंय, त्या म्हणाल्या, पण त्याचा काय भरोसा, तू वाच. मी वाचलं. त्यात शुद्ध हिंदीत लिहिलं होतं की जुन्या कागदांत जो लापता आहे तो अमुक नावाचा इसम उज्जैन में प्रति गुरुवार उपस्थित पाया गया है, अतः परिवार उसे पंद्रह दिन के भीतर कार्यालय में प्रस्तुत करे. खाली सही आणि शिक्का.

"सरकार खोटं लिहील का?" काकू म्हणाल्या. "आलाय तो. गुरुवारी घाटावर येतो आणि माझ्या मागे कुठंतरी उभा राहतो. मी पुढंच बघत बसते ना, मला कसा दिसणार? रव्याचे लाडू करून आलेय. तू सुभेदारांना विचार, कुठं उतरलाय."

त्यांनी खरोखर डबा आणला होता. मी त्यांना बसायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून सुभेदारांकडे गेले. ते बांबूच्या खाचा चाकूनं साफ करीत होते. मी पत्र दिलं, माझी चूक सांगितली, आणि म्हणाले, आता काकूंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मला सुचत नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग उठून कोट घातला, सगळी बटणं लावली, आणि माझ्या मागोमाग आले.

ते बसले नाहीत. काकू पाटावर, मी दाराशी, आणि ते मध्ये उभे, दहा वर्षांत पहिल्यांदा काकूंकडे तोंड करून. म्हणाले, "काकू, पत्र खोटं आहे. आणि मी जे सांगितलं होतं तेही अर्धं होतं."

मग त्यांनी सांगितलं. पहाटेचं धुकं होतं, नदी ओलांडायची होती, शत्रू जवळच, हाक मारायची नाही, नंबर म्हणायचा नाही. म्हणून त्यांनी हुकूम दिला की पाण्यातून आपल्या शेजारून जाताना ज्यानं त्यानं आपली भजनाची ओळ पुटपुटायची, म्हणजे मोजता येईल. ते स्वतः मध्यावर उभे होते. अकरा ओळी गेल्या. उतरायच्या आधी त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, पोहता येतं का. सदाला विचारलं नाही. तो आपण होऊन हसून म्हणाला, क्षिप्रेकाठचा आहे मी, साहेब. "उज्जैनच्या माणसाला पोहता येतं का विचारावं लागतं, हे मला सुचलं नाही," सुभेदार म्हणाले. "त्याची ओळ आली. माझ्यापासून आठ-दहा हातांवरून. 'आई'वर आवाज चढला. मला वाटलं, नेहमीचाच बेसूर. पुढचा शब्द आला नाही. मला वाटलं, विसरला. मी थांबलो. मग मागचे खोळंबले, म्हणून 'बसली' मीच म्हटलं आणि तेराव्याला पुढे घेतलं."

 काकूंनी विचारलं, "पाणी किती होतं?"

ज्या माणसानं दहा वर्षं साऱ्या उज्जैनला पाण्याची खोली सांगितली, त्याला हे सांगता येईना. त्यांनी नुसता हात स्वतःच्या छातीवर आडवा ठेवला. काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. सदा सुभेदारांच्या खांद्याला लागत असे, हे त्यांना ठाऊक होतं.

"जेवला होता का?"

"हो. खिचडी होती. मीच वाढली."

"नऊ वर्षांचा असताना एकदा पोरांबरोबर घाटावर उतरला होता," काकू म्हणाल्या. "मी छडीनं मारलं. परत कधी उतरला नाही. फार ऐकायचा तो. माझं ऐकलं, तुमचं ऐकलं." मग त्यांनी डबा उघडला, एक लाडू सुभेदारांच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि पदर सारखा करून उठल्या. मला वाटलं टांगा गेला असेल, पण तो त्यांनी थांबवून ठेवला होता. चढताना म्हणाल्या, "गुरुवारी पाचालाच ना? मी नेहमीच्या पायरीवर बसते."

कचेरीला मी उत्तर लिहिलं की हजेरीची चूक माझी आहे, सदर इसम नदीत गेला, उज्जैनमध्ये फक्त त्याची ओळ हजर असते. त्यावर ओळ हे पद कोणत्या श्रेणीत मोडते ते कळवावे, असं उलट पत्र आलं. ते मी फाइलला लावलं आणि प्रथमच एखादं पत्र उत्तराशिवाय सोडलं.

त्या गुरुवारी सुभेदारांनी मला आधीच सांगितलं होतं, बाराव्यापुढे रेघ मारा. मंडळी नदीकडे तोंड करून उभी राहिली. काकू तिसऱ्या पायरीवर. अकरा ओळी झाल्या, काही आवाजाच्या, काही ढोलकाच्या. मग धृपद, आणि मग बारावी. सुभेदारांनी तोंड मिटून घेतलं. खाँसाहेबांचं ढोलक एकटंच चालू लागलं. आणि पाठीमागून, पायऱ्यांवरून, आवाज आला. फुलवाल्या बायका, धुणं पिळणारी एक बाई, प्रसादाचे दुकानदार, दुसऱ्या टोकाचे ते गुरुजीसुद्धा. दहा वर्षं रोजच्या जागेवर बसून ऐकलेली ओळ, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, सुभेदार आज कसे विसरले म्हणून त्यांनी सवयीनं उचलली. "आई"वर सगळे एकदम वर चढले, सगळ्यांचा आवाज फाटला, सगळे थांबले. खाँसाहेबांनी खिशातली मात्रा काढून दिली. आणि मग "बसली".

सुभेदार गर्रकन वळले, गुरुजींवर वळले होते तसेच. ओरडणार होते ते मला दिसत होतं. समोर काकू होत्या. त्या गात नव्हत्या. त्यांनी हात जरासा वर केला आणि म्हणाल्या, "म्हणू द्या. त्याला माणसं आवडायची."

सुभेदार परत नदीकडे वळलेच नाहीत. उरलेलं भजन त्यांनी पायऱ्यांकडे तोंड करून म्हटलं, आणि एकेक करून बाकीचे दहाही वळले. उज्जैनला त्यांचे चेहरे दिसले ते तेव्हा. ढोलक थोडं ओलं लागत होतं. खाँसाहेब म्हणाले, हवामान.

पुढे काकूंनी स्वतः गोपाळमंदिराच्या गल्लीतल्या घराघरांत जाऊन पोरं गोळा केली आणि सुभेदारांकडे पोहायला धाडली. पत्रिका बघू नका, असं त्या आयांना दरडावून सांगत. बांबू त्यानंतरही रोज जात होता, पण घोषणा बंद झाली. विचारलं तरच सांगत. आम्ही मग मुद्दाम विचारायला लागलो. नळावरच्या बायकासुद्धा.

काकू गेल्या, आणि मागच्या थंडीत सुभेदारही. त्यांचा बांबू सुभेदारीणबाईंनी मला दिला. तो आमच्या दारामागे उभा असतो. मंडळात आता चौघे आहेत. खाँसाहेब बसून वाजवतात. माधवनगरात हळदीकुंकवाला नव्या सुना ती ओळ म्हणतात, त्यांना ते जुनं काहीतरी पारंपरिक वाटतं, आणि "बसली"च्या आधी त्या नेमक्या थांबतात. माझी धाकटी, जी गाणं शिकते, म्हणते, आई, ही चाल चुकीची आहे, तू सांगत का नाहीस. मी एरवी चुका सांगते.

गुरुवारी मी वही घेऊन जाते. भजनात आता रिकाम्याच जागा फार, नुसतं ढोलक ऐकत उभं राहायचं. शेवटची, सुभेदारांची ओळ येते, तीही आता रिकामी. ती पायऱ्यांवरून कुणी उचलत नाही. कुणाला आठवत नाही असं नाही, पण नाही उचलत. तेवढ्या वेळात मी वहीवर पेन्सिल ठेवून वरपासून खालपर्यंत नावं मोजते. दर गुरुवारी मोजते, आणि दर गुरुवारी एकोणीसच भरतात.